टीव्हीतच वायरलेस मल्टिरूम स्पीकर बसवायचे तर आधी वेळेचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची टीम टीव्हीचं सॉफ्टवेअर करते. पुढच्या मॉडेलमध्ये टीव्हीचा आवाज घरभरच्या वायरलेस स्पीकरवर वाजला पाहिजे, गाणी पण त्याच स्पीकरवर ग्रुप करून वाजली पाहिजेत. टीव्हीत वायफाय आहेच, मग एखादा तयार स्टॅक (म्हणजे या कामाचा तयार तंत्रज्ञान-संच) घेऊन टाकला की झालं का? आणि घ्यायचा तर कुठला?"

स्टॅक मिळेल, चांगले मिळतात, पण त्याने काम झालं असं होत नाही. मी बरीच वर्षं स्पीकरच्या बाजूने आणि नंतर टीव्हीच्या बाजूने हे काम केलंय आणि प्रत्येक वेळी टीम एकाच ठिकाणी अडकलेली बघितलीय, ते म्हणजे गाणी वाजवणं आणि टीव्हीचा आवाज वाजवणं हे एकच काम आहे असं समजून एकच पाइपलाइन बांधायची. ही दोन वेगळी कामं आहेत. स्पीकर तेच, वायफाय तेच, अ‍ॅप तेच, तरी वेगळी आहेत, आणि हे डिझाइनच्या पहिल्या आठवड्यात मान्य केलं नाही तर शेवटच्या महिन्यात मान्य करावं लागतं.

का वेगळी ते बघा. गाणं लावलं आणि ते दीड-दोन सेकंद उशिरा सुरू झालं तर कुणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे मल्टिरूमच्या बहुतेक सिस्टीम भरपूर बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज, ठेवतात, पॅकेट हरवलं तर परत मागायला वेळ असतो, वायफाय अर्धा सेकंद रुसलं तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. सोनोसने २००५ मध्ये पहिली सिस्टीम बाजारात आणली तेव्हापासून या सगळ्या प्रकाराची ताकद हीच, बफर. आणि टीव्हीवर तुमच्याकडून नेमकी हीच ताकद काढून घेतली जाते, कारण समोर ओठ हलताना दिसतायत. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलीसेकंद पुढे किंवा १२५ मिलीसेकंद मागे गेला की माणसाला जाणवायला लागतं असं धरलंय, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची आर३७ शिफारस त्याहून कडक आहे, ४० पुढे आणि ६० मागे. दोन्हीकडे मागे राहायला जास्त सूट आहे हे लक्षात घ्या. लांबून बोलणाऱ्याचा आवाज जरा उशिराच येतो, मीटरला साधारण ३ मिलीसेकंद, त्याची आपल्या कानांना जन्मापासून सवय असते, पण ओठ हलायच्या आधी आवाज येणं निसर्गात कधी होतच नाही म्हणून ते लगेच खटकतं.

म्हणजे दोन सेकंदांच्या जागी तुमच्या हातात साठ-सत्तर मिलीसेकंद. आणि तेही पूर्ण तुमचे नाहीत, कारण सेट-टॉप बॉक्स किंवा चॅनलकडून येतानाच आवाज-चित्रात थोडी चूक आलेली असते, ती धरून बेरीज होते.

आता यात टीव्हीवाल्यांना एक फायदा आहे जो बाहेरच्या साउंडबारवाल्याला सहजासहजी मिळत नाही, आणि मला वाटतं टीव्हीतच हे तंत्रज्ञान बसवण्याचं खरं कारण तेच आहे. चित्राला स्वतःला उशीर लागतो. स्केलिंग, नॉइज कमी करणं, मोशन स्मूदिंग हे सगळं करताना टीव्ही चार-पाच फ्रेम धरून ठेवतो, ६० फ्रेमच्या व्हिडिओला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलीसेकंद, पाच फ्रेम म्हणजे ८० च्या वर. आज टीव्ही काय करतो, तर आतल्या स्पीकरचा आवाज तेवढाच थांबवून ठेवतो. तो थांबवलेला वेळ म्हणजे तुमचं वायरलेसचं बजेट. आवाज डीकोड झाल्या झाल्या हवेत सोडा, वेळेचा शिक्का मारून, आणि तो स्पीकरकडे पोचून बफरमध्ये चित्राची वाट बघत बसू दे. आणि टीव्ही तुमचाच असल्यामुळे गरज पडली तर चित्र अजून एक-दोन फ्रेम मागे ओढता येतं, बाहेरच्या डब्याला हे करताच येत नाही. त्यामुळे व्हिडिओ पाइपलाइनच्या टीमशी पहिल्या दिवसापासून बोलत राहा, प्रत्येक पिक्चर मोडला नेमका किती उशीर आहे त्याचा तक्ता त्यांच्याकडून घ्या, आणि मोड बदलला की तो आकडा ऑडिओच्या कोडपर्यंत आपोआप पोचला पाहिजे, कुणीतरी हाताने भरलेल्या तक्त्यावर विसंबू नका कारण चित्राचं फर्मवेअर बदललं की तो शिळा होतो.

गेम मोडमध्ये हे सगळं कोसळतं. तिथे चित्राचा उशीर मुद्दाम १०-१५ मिलीसेकंदांवर आणलेला असतो, आणि साध्या घरगुती वायफायवर राउटरमार्गे एवढ्या वेळात भरवशाने आवाज पोचवणं मला तरी आजवर जमलेलं नाही, कुणी डेमोत दाखवलं तर त्याला शेजारी गजबजलेला चॅनल देऊन परत दाखवायला सांगा. गेम मोडमध्ये आवाज आतल्या स्पीकरवर आणा किंवा थेट रेडिओ लिंक असलेल्या स्पीकरवरच ठेवा, आणि वापरणाऱ्याला स्क्रीनवर एका ओळीत सांगा की असं केलंय.

घड्याळांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

प्रत्येक स्पीकरमध्ये घड्याळ चालवणारं स्वतःचं क्रिस्टल असतं आणि कुठलीही दोन क्रिस्टल्स सारखी चालत नाहीत. ५० पीपीएमचा (दहा लाखात ५०) फरक म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण तो सेकंदाला ५० मायक्रोसेकंद, मिनिटाला ३ मिलीसेकंद आणि तासाला १८० मिलीसेकंद होतो, म्हणजे सिनेमा संपेपर्यंत मागचा स्पीकर वेगळाच सिनेमा ऐकवतोय. हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की टीव्हीचं स्वतःचं ऑडिओ क्लॉकसुद्धा एक नाही. ट्यूनरवर असताना टीव्ही प्रसारणाच्या २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळामागे धावतो, त्याला ३० पीपीएमपर्यंत इकडेतिकडे जायची मुभा असते, एचडीएमआयवर गेला की समोरच्या डब्याच्या घड्याळामागे, आणि अ‍ॅपमधून स्ट्रीमिंग लावलं की स्वतःच्या. तुम्ही जर टीव्हीच्या सॅम्पल क्लॉकलाच (आवाजाचे नमुने मोजणाऱ्या घड्याळालाच) सगळ्या घराचं मास्टर केलंत तर इनपुट बदलताक्षणी घरभरचे सगळे स्पीकर एकदम नव्या घड्याळाशी जुळवून घ्यायला लागतात आणि पाच-दहा सेकंद आवाज डगमगतो. त्यापेक्षा नेटवर्कची वेळ वेगळी ठेवा, जी कुठल्याही इनपुटला बांधलेली नाही आणि कधी मागे जात नाही. ऑडिओच्या प्रत्येक तुकड्यावर "हा या क्षणी वाजव" असं त्या वेळेत लिहा. स्पीकर आपापलं रिसॅम्पलिंग करतील, म्हणजे आवाजाचे नमुने आपल्या घड्याळाच्या वेगाला जुळवून नव्याने काढतील.

रिसॅम्पलिंग खरं करा, म्हणजे इंटरपोलेशनवालं, मधल्या किमती गणिताने काढणारं. सॅम्पल गाळणं किंवा दोनदा वाजवणं हा शॉर्टकट बोलण्यात लपतो पण पियानोचा लांब सूर लागला की टिकटिक ऐकू येते. आणि दुरुस्ती हळूहळू करा, १०० पीपीएमच्या आत राहिलात तर सुरात पडणारा फरक एका सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाच्या) पाचव्या भागाहूनही कमी असतो, तो कुणालाच ऐकू येत नाही.

वेळ सारखी करायची कशी, तर साधं एनटीपीसारखं (नेटवर्कवर घड्याळं जुळवायची नेहमीची पद्धत) विचारणं-उत्तर देणं वायफायवर केलं तर एकेका उत्तरात काही मिलीसेकंदांचा गोंधळ असतो, कारण पॅकेट हवेत जायच्या आधी रांगेत किती थांबलं ते सॉफ्टवेअरला कळत नाही. भरपूर वेळा विचारा आणि ज्यात जाऊन यायचा वेळ सगळ्यात कमी लागला तेवढीच उत्तरं धरा, बाकीची सरळ टाकून द्या, एवढ्यानेही खूप सुधारतं. त्याहून चांगलं म्हणजे वायफायचं स्वतःचं टीएसएफ टायमर, म्हणजे त्याचं आतलं सामाईक घड्याळ, वापरायचं, ते १ मायक्रोसेकंदाच्या पायरीने चालतं आणि एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलेली सगळी उपकरणं त्याच्याशी आपोआप जुळलेली असतात. फक्त घरात मेश राउटर असला तर प्रत्येक नोडचं टीएसएफ वेगळं असतं, आणि स्पीकर एका नोडवरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा त्याचं घड्याळ एकदम भलत्याच आकड्यावर जातं, त्यामुळे हे वापरायचं तर उडी ओळखून त्या क्षणी जुन्या अंदाजावर चालत राहायची सोय आधी करा. चिपवाल्याकडून टीएसएफ वाचायचा रस्ता मिळतो का तेही चिप ठरवण्याआधी विचारा, नंतर विचारलंत तर उत्तर बहुधा नाही असतं.

किती अचूक पाहिजे हे मात्र खोलीवर ठरतं. एकाच खोलीत डावा-उजवा म्हणून लावलेल्या दोन स्पीकरमध्ये १ मिलीसेकंद फरक पडला तरी आवाजाची जागा सरकते, आणि दोघांवर तोच आवाज असेल तर ५०० हर्ट्झपासून आवाज एकमेकांना खायला लागतात, म्हणून तिथे काही दहा मायक्रोसेकंदांचं ध्येय ठेवा. शेजारच्या खोलीतला स्पीकर २० मिलीसेकंद मागे असला तरी दारातून ऐकताना प्रतिध्वनी वाटत नाही, बोलण्याला ३०-४० च्या पुढे गेलं की वाटायला लागतं. म्हणून टीव्हीच्या खोलीतले स्पीकर एका कडक गटात आणि बाकीच्या खोल्या सैल गटात, त्यांना जरा जास्त बफर. दुसऱ्या खोलीत बसलेल्याला स्क्रीन दिसत नाही हे विसरू नका. पण दार उघडं असलं तर दोन्ही आवाज एकत्र ऐकू येतात, म्हणून सैल म्हणजे दोन सेकंद सैल नाही.

आता वायफाय. "टीव्हीत वायफाय आहेच" हे वाक्य मी प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतो. बँडविड्थ ही अडचण नसतेच, स्टिरिओ १६ बिट ४८ किलोहर्ट्झ कॉम्प्रेस न करता फक्त १.५ मेगाबिट होतं, आठ चॅनल २४ बिटमध्ये घेतले तरी सव्वानऊ. अडचण असते वेळेवर पोचण्याची. टीव्ही वायफायवर आणि स्पीकरही वायफायवर असला की प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, टीव्हीकडून राउटरकडे आणि राउटरकडून स्पीकरकडे, चार स्पीकर असले तर त्याच्या चौपट. मग कुणाला तरी सुचतं की मल्टिकास्ट करू, एकदाच पाठवू. ते करू नका. मल्टिकास्टला पोचपावती नसते म्हणून हरवलं ते हरवलं, बहुतेक राउटर ते सगळ्यात कमी स्पीडने पाठवतात, आणि त्या नेटवर्कवर एखादा फोन जरी पॉवर सेव्हमध्ये झोपलेला असला तरी राउटर मल्टिकास्ट पॅकेट पुढच्या ठराविक बीकनपर्यंत (राउटर नियमित देतो त्या हाकेपर्यंत) रोखून धरतो, बीकन साधारण १०२ मिलीसेकंदांनी येतात. तुमचं ७० चं बजेट तिथेच संपलं. युनिकास्ट करा (प्रत्येक स्पीकरला वेगळं पाठवा), व्हॉइसच्या, म्हणजे वायफायमधल्या सगळ्यात जास्त प्राधान्याच्या रांगेत टाका, थोडं एफईसी (हरवलेलं भरून काढायला जादा माहिती) द्या.

व्हॉइसच्या रांगेवरून एक आठवण सांगतो कारण ती चूक मी स्वतः दोन आठवडे शोधत होतो. एका मॉडेलमध्ये मागचे स्पीकर दर पाच-सहा सेकंदांनी किंचित अडखळायचे, तेही फक्त टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपमधून सिनेमा लावला की, एचडीएमआयवर अजिबात नाही. रेडिओ तपासला, अँटेना तपासली, घड्याळ तपासलं. शेवटी कळलं की स्ट्रीमिंग अ‍ॅप व्हिडिओ सलग आणत नाही, काही सेकंदांचा तुकडा एकदम पूर्ण स्पीडने ओढतं आणि मग गप्प बसतं, तो तुकडा यायला लागला की राउटरची रांग भरायची आणि आमची ऑडिओ पॅकेट त्या ढिगाऱ्याखाली अडकायची. आम्ही टीव्हीवर पॅकेटला प्राधान्याची खूण केली होती, पण ड्रायव्हरमध्ये ती खूण पुसली जात होती. हवेत पकडलेली पॅकेट उघडून बघितली तेव्हा एका मिनिटात दिसलं, आणि तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी हवेतली पॅकेट पकडून खूण जागेवर आहे का ते बघतो, कोडमध्ये काय लिहिलंय त्यावर जात नाही.

अँटेनाचं पण बोलून ठेवा. टीव्हीच्या मागे धातूचा पत्रा, त्यामागे भिंत, आणि पॅनेलच्या केबलचा आणि यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडतो, शिवाय ब्लूटूथचा रिमोट बऱ्याचदा त्याच चिपवर असतो. अँटेना खालच्या कडेला, दोन, एकमेकींपासून लांब. टेबलावर ठेवून मोजलेले आकडे भिंतीवर लावल्यावर राहत नाहीत.

राउटर टाळून टीव्हीनेच स्पीकरसाठी स्वतःचं छोटं ५ गिगाहर्ट्झ नेटवर्क काढायचं हा टीव्हीच्या खोलीपुरता चांगला मार्ग आहे आणि बऱ्याच होम थिएटर सिस्टीम असंच करतात. पण रेडिओ एकच असेल आणि घरचं वायफाय दुसऱ्या चॅनलवर असेल तर तो एकच रेडिओ दोन चॅनलमध्ये उड्या मारत बसतो, आणि त्या उड्यांमध्ये आवाज तुटतो. एकतर दुसरा रेडिओ बसवा किंवा घरच्या चॅनलवरच राहा. रडारसाठी राखलेल्या डीएफएस चॅनलवर गेलात तर रडार दिसलं की उठावं लागतं आणि नव्या डीएफएस चॅनलवर बोलायला सुरुवात करण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत थांबावं लागतं, सिनेमाच्या मध्यात हे परवडत नाही.

मग कुठला स्टॅक. अ‍ॅपलचं एअरप्ले २ आणि गूगल कास्ट टीव्हीत असणं म्हणजे मल्टिरूम झालं असं तुमच्या वरच्यांना वाटत असेल तर आधी ते दूर करा. एअरप्ले २ हे २०१८ मध्ये आलं आणि २०१९ पासून बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हींत आलं, पण तिथे टीव्ही हा आवाज घेणारा आहे, फोनवरचं गाणं टीव्हीवर आणि बाकीच्या स्पीकरवर एकत्र वाजतं, टीव्हीच्या एचडीएमआयवर आलेला आवाज स्पीकरकडे पाठवायचं काम ते करत नाही. घेणारा आणि देणारा या दोन भूमिका कागदावर वेगळ्या लिहा. संगीतासाठी हे दोन्ही ठेवा, लोकांना पाहिजे असतात.

देणाऱ्या भूमिकेसाठी तीन दिशा आहेत. वायसा (WiSA) या वायरलेस स्पीकरच्या मानकाचं मूळ तंत्र ५ गिगाहर्ट्झवर स्वतःचा रेडिओ वापरतं, ८ चॅनल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला उशीर जेमतेम ५.२ मिलीसेकंद. एलजीने २०१९ पासून वायसा-रेडी टीव्ही काढले, पण त्यांना यूएसबीचा ट्रान्समिटर वेगळा लावावा लागायचा. वेळेच्या हिशोबात याला तोड नाही, गेम मोडसुद्धा चालतो, फक्त हे एका खोलीसाठी आहे, घरभरासाठी नाही. डीटीएस प्ले-फाय घरच्या वायफायवर चालतं, फिलिप्सच्या टीव्हींत आहे, मल्टिरूम आणि मागचे स्पीकर दोन्ही एकाच छत्रीखाली मिळतात, आणि वर सांगितलेलं वायफायचं सगळं दुखणं तिथे तुमच्या वाट्याला येतं. तिसरं डॉल्बी अ‍ॅटमॉस फ्लेक्सकनेक्ट, २०२३ मध्ये टीसीएलबरोबर जाहीर झालं, त्यात टीव्ही मायक्रोफोनने स्पीकर कुठे आहेत ते ओळखतो आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर धरून आवाज वाटून देतो. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण लोक स्पीकर जिथे प्लग असेल तिथे ठेवतात, पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे कुणीच ठेवत नाही. ब्लूटूथच्या आवाज पाठवायच्या जुन्या पद्धतीवर, ए२डीपीवर, मात्र टीव्हीचं मल्टिरूम करायला जाऊ नका, एसबीसी या तिथल्या नेहमीच्या कोडेकला सहज दीडशे-दोनशे मिलीसेकंद जातात आणि दोन स्पीकर एकत्र ठेवायची धड सोय नाही. ऑराकास्ट, म्हणजे ब्लूटूथवरून एकाच वेळी अनेकांना आवाज पाठवायची सोय, हेडफोन आणि श्रवणयंत्रांसाठी जरूर द्या, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना याचा खरोखर उपयोग होतो.

तुमच्या जागी मी असतो तर संगीताला बफरवाली पाइपलाइन, टीव्हीच्या खोलीला थेट लिंक, आणि बाकीच्या खोल्यांना घरच्या वायफायवरून शंभर-दीडशे मिलीसेकंद उशिराने, दार उघडं असलं तर तीस-चाळीसच्या आत आणायची सेटिंग देऊन. वरची वेळ आणि शिक्के मात्र तिन्हीला एकच.

ग्रुपचा म्होरक्या कोण हे लोक विसरतात. टीव्हीवरून गाण्यांचा ग्रुप सुरू केला, नंतर कुणीतरी टीव्ही बंद केला, घरभरचं गाणं बंद, आणि तक्रार येते की स्पीकर खराब आहेत. गाण्यांच्या ग्रुपचं नेतृत्व टीव्हीकडे ठेवूच नका, ठेवलंत तर बंद होताना ते स्पीकरकडे सोपवायची सोय करा. युरोपात टीव्हीच्या नेटवर्क स्टँडबायला २ वॅटची मर्यादा आहे, त्यात मुख्य चिप जागी ठेवून घड्याळ वाटत बसता येत नाही.

रिमोटचं आवाजाचं बटण कशाला लागू होतं, फक्त या खोलीला की सगळ्या घराला, हे इंजिनियरांनी ठरवू नये. आमच्याकडे सगळ्या घराला लागू होतं ठेवलं होतं आणि रात्री सिनेमाचा आवाज वाढवला की झोपलेल्या मुलाच्या खोलीतला स्पीकरही वाढायचा. आता या खोलीपुरतंच, आणि बाकीच्यांना स्क्रीनवरून.

टेस्टिंगला एक फोटोडायोड आणि एक माइक एकाच दोन-चॅनल रेकॉर्डरला लावा, स्क्रीनवर चमक आणि त्याच क्षणी टिक असा व्हिडिओ लावा, आणि प्रत्येक इनपुट, प्रत्येक पिक्चर मोड, प्रत्येक फ्रेम रेटला मोजा. सरासरी बघू नका, हजारातलं सगळ्यात वाईट एक बघा, कारण ऐकणारा तेच लक्षात ठेवतो. रात्रभर चालवा, मध्ये मायक्रोवेव्ह लावा, राउटर बंद-चालू करा, टीव्ही वायरवर आणि स्पीकर वायफायवर असं करून बघा, कारण काही राउटर वायरवरून वायफायवर जाणारे शोधायचे मेसेज गिळतात आणि मग स्पीकर दिसतच नाहीत.

राहिला तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग, आधीपासून वायरवाला साउंडबार असलेल्यांचं काय. ईएआरसीवर (एचडीएमआय केबलवरून टीव्हीचा आवाज बाहेर न्यायची नवी सोय, जुनी ती एआरसी) आवाज साउंडबारकडे गेला की त्याचा स्वतःचा उशीर जोडला जातो, ईएआरसीमध्ये साउंडबार तो आकडा टीव्हीला कळवू शकतो, तो वाचा आणि वायरलेस स्पीकर तेवढेच मागे घ्या. जुन्या एआरसीवर त्या आकड्याचा भरवसा नसतो, तिथे माइकने मोजा किंवा हाताने सरकवायची पट्टी द्या, ५ मिलीसेकंदांच्या पायरीने, आणि ती मेन्यूत चार पातळ्या आत लपवू नका.